एलिझाबेथ हाउलँडचे वडील नेमके कोण?

१६२० मध्ये इंग्लंडहून अमेरिकेत वसाहत करायला निघालेल्या मेफ्लॉवर जहाजाच्या १०२ प्रवाशांपैकी जवळपास निम्मे पहिल्याच हिवाळ्यात दगावले. उरलेल्यांवर इतकं लिहिलं गेलंय की त्यांच्या वंशावळीत आता शंकेला जागा नसेल, असं वाटतं. पण त्यांच्यातल्याच जॉन हाउलँडची बायको एलिझाबेथ ही कोणाची लेक, याचं चुकीचं उत्तर कितीतरी पिढ्या बिनदिक्कत चालत आलं. प्लिमथ वसाहतीचे पहिले गव्हर्नर जॉन कार्व्हर यांची ती मुलगी, किंवा नात, असं घराण्यात सांगत. एकोणिसाव्या शतकात प्लिमथच्या बरिअल हिल या दफनभूमीत हाउलँडच्या नावाने दगड उभा राहिला, त्यावरही कार्व्हरचंच नाव कोरलं गेलं.

दगड पाहिला की माणसं तपास थांबवतात. म्हणून पहिला प्रश्न नेहमी हा: दगड बसवला कधी? हाउलँड वारला १६७३ च्या फेब्रुवारीत. त्यानंतर दीडेकशे वर्षांनी वंशजांनी उभारलेला दगड म्हणजे समकालीन नोंद नव्हे, तर त्या वंशजांच्या काळात काय समज होता त्याचा पुरावा. अक्षरांची घडण, दगडाचा प्रकार आणि 'पहिल्या पिढीतला पूर्वज' असली कौतुकाची भाषा यांवरून असे मागाहूनचे दगड सहसा ओळखू येतात. मृत माणसाच्या पिढीला आपण 'पहिले' ठरणार आहोत हे ठाऊक नसतं.

कार्व्हरच्या विरुद्ध उभी आहे ती कार्व्हरनंतर गव्हर्नर झालेल्या विल्यम ब्रॅडफर्डची हस्तलिखित वही. वसाहतीचा हा इतिहास अमेरिकन क्रांतीच्या धामधुमीत बॉस्टनमधून गायब झाला, १८५५ मध्ये लंडनच्या बिशपच्या फुलहम पॅलेसमधल्या ग्रंथालयात सापडला आणि पुढच्याच वर्षी छापला गेला. वहीच्या शेवटी ब्रॅडफर्डने जहाजावरच्या माणसांची कुटुंबवार यादी दिली आहे. तीस वर्षांनी, म्हणजे १६५० च्या सुमारास, त्यांपैकी कोण उरलं आणि कोणाला किती मुलंबाळं झाली, तेही लिहिलंय. त्यात सरळ म्हटलंय की जॉन टिली आणि त्याची बायको किनाऱ्यावर आल्यावर थोड्याच दिवसांत वारले आणि त्यांची मुलगी एलिझाबेथ हिने जॉन हाउलँडशी लग्न केलं. दोघं हयात आहेत, दहा मुलं आहेत, सगळी जिवंत.

इथे एक विरुद्ध एक अशी मतं मोजून चालत नाही. कार्व्हरची कथा पन्नास छापील पुस्तकांत असली तरी ती सगळी एकमेकांवरून उतरवलेली असतील तर तो पुरावा एकच. कागदावर चार रकाने आखा: ही गोष्ट कोणी सांगितली, घटनेनंतर किती वर्षांनी, त्याला ती स्वतः माहीत होती की ऐकीव, आणि आपल्या हातात मूळ कागद आहे की नक्कल. ब्रॅडफर्ड त्याच जहाजावर होता, त्याच गावात राहत होता, आणि लिहिताना हाउलँड नवराबायको शेजारीच नांदत होती. तीस वर्षांचं अंतर आहे खरं, पण खोटं लिहून त्याला मिळायचं काहीच नव्हतं. कार्व्हरच्या बाजूने मात्र पहिल्या गव्हर्नरशी रक्ताचं नातं जोडण्याचा मोह आहे.

तरी काम एवढ्यावर संपत नाही. खोटी ठरलेली नोंद मुळात कुठून निघाली, हे सांगता आलं पाहिजे. तोवर निकाल कच्चा. इथे ते सांगता येतं. हाउलँड जहाजावर आला तो कार्व्हरच्या घरचा नोकर म्हणून. ब्रॅडफर्डच्या यादीत तो कार्व्हरच्याच कुटुंबाखाली आहे, आणि डिझायर मिंटर ही मुलगीही. कार्व्हर १६२१ च्या एप्रिलमध्ये गेला, पाठोपाठ त्याची बायको कॅथरीन. मूल मागे नाही. हाउलँडने थोरल्या लेकीचं नाव डिझायर ठेवलं. कार्व्हरच्या घरातला माणूस, त्याच घरातलं नाव, पोरकी बायको: दोन-तीन पिढ्या गेल्या की 'कार्व्हरच्या घरातली' चं 'कार्व्हरची' व्हायला वेळ लागत नाही.

आता इंग्लंडकडची बाजू. बेडफर्डशायरमधल्या हेन्लो गावच्या चर्चच्या नोंदवहीत जॉन टिलीचा बाप्तिस्मा १५७१ चा, जोन हर्स्ट या विधवेशी त्याचं लग्न १५९६ चं आणि एलिझाबेथचा बाप्तिस्मा ३० ऑगस्ट १६०७ चा. पण टिली आडनाव काही एका गावाची मक्तेदारी नव्हती. मेफ्लॉवरवरची बरीच मंडळी आधी जिथे राहत होती, त्या हॉलंडमधल्या लायडन शहराच्या नोंदींतही एका जॉन टिलीचं १६१५ मधलं लग्न आहे, आणि जुन्या लेखकांनी त्यालाच मेफ्लॉवरवाला समजून त्याची डच बायको एलिझाबेथला आई म्हणून चिकटवली. मग हेन्लोचाच जॉन आपला, हे कशावरून?

नुसत्या नावावरून नाही, सोबतच्या माणसांवरून. जहाजावर जॉनचा भाऊ एडवर्ड टिली आणि त्याची बायको होती, आणि त्यांच्याबरोबर हेन्री सॅमसन आणि ह्युमिलिटी कूपर ही दोन मुलं. ब्रॅडफर्ड या मुलांना त्यांचे 'कझिन' म्हणतो. सतराव्या शतकात हा शब्द भाचे-पुतण्यांनाही सर्रास लावत, हे माहीत नसलं की माणूस चुलत-मावस भावंडं शोधत बसतो. हेन्लोत एडवर्ड टिलीचं १६१४ मध्ये ॲग्नेस कूपरशी लग्न झालंय, आणि हेन्री सॅमसनचा बाप्तिस्माही तिथलाच. तो ॲग्नेसचा भाचा. ब्रॅडफर्ड तिला ॲन म्हणतो, पण ॲग्नेस आणि ॲन ही नावं तेव्हा अदलून-बदलून वापरत, तेव्हा हा विरोध नुसता दिसायला आहे. एकाच छोट्या गावात टिली, कूपर, सॅमसन ही तिन्ही घरं, आणि तीच तीन आडनावं जहाजावर एका कोपऱ्यात. योगायोग इतका लांब ताणत नाही.

मेफ्लॉवरवरच्याच स्टीफन हॉपकिन्सची गोष्ट अशीच सुटली. तो ग्लॉस्टरशायरच्या वॉटन-अंडर-एजचा आणि त्याची पहिली बायको कॉन्स्टन्स डडली, हे पिढ्यानपिढ्या छापलं जात होतं, पुरावा शून्य. १९९८ मध्ये हॅम्पशायरच्या हर्सली गावच्या नोंदी पुढे आल्या: बाप स्टीफन, आणि कॉन्स्टन्स व जाइल्स या मुलांचे १६०६ आणि १६०८ चे बाप्तिस्मे. आई मेरी, तिचं दफन १६१३ मध्ये. ब्रॅडफर्डही ही दोन मुलं पहिल्या बायकोची असल्याचं सांगतो. स्टीफन हॉपकिन्स नावाचे शंभर सापडतील, पण स्टीफन-कॉन्स्टन्स-जाइल्स हे त्रिकूट विरळाच. म्हणून चर्चच्या वहीत बापाचं नाव शोधू नका, भावंडांचा संच शोधा. ऑनलाइन वंशवृक्षांवर मात्र डडलीबाई अजून ठाण मांडून आहेत.

सगळ्यात जास्त घोळ तारखांचा होतो. इंग्लंडात आणि वसाहतींत १७५२ पर्यंत नवं वर्ष २५ मार्चला लागे. हाउलँडच्या मृत्यूची नोंद २३ फेब्रुवारी १६७२ अशी आहे, आणि ती आपल्या हिशेबाने १६७३. लग्न एप्रिल १६५० आणि बाळ फेब्रुवारी १६५० असं दिसलं की नवखा माणूस एक नोंद चूक ठरवतो किंवा दुसरी बायको कल्पून मोकळा होतो. प्रत्यक्षात बाळ लग्नानंतर दहा महिन्यांनी झालेलं असतं. जानेवारी ते २४ मार्चच्या तारखा नेहमी १६७२/७३ अशा जोडवर्षाने लिहा, पण छापील पुस्तकातून घेताना संपादकाने वर्ष आधीच बदललंय का तेही पाहा. नाहीतर दुरुस्ती दोनदा होते. लायडनची गोष्ट आणखी वेगळी. हॉलंड प्रांताने आजचं ग्रेगोरियन पंचांग १५८३ पासूनच घेतलं होतं, त्यामुळे त्या काळातली लायडनची तारीख इंग्लंडच्या तारखेपेक्षा १० दिवस पुढे असते.

चर्चच्या वह्याही जपून वाचाव्या लागतात. त्या ठेवण्याचा हुकूम १५३८ चा, पण १५९८ च्या सुमारास जुने कागद चर्मपत्रावर उतरवून घेतले गेले. म्हणजे त्याआधीची 'मूळ' वही बहुधा नक्कलच असते, आणि नक्कल करणाऱ्याच्या डुलक्याही तिच्यात आल्या. याच काळापासून दरवर्षी एक प्रत बिशपकडे जाऊ लागली. ती उपलब्ध असेल तर दोन्ही पडताळा. एकीत गाळलेलं नाव दुसरीत सापडतं. बाप्तिस्म्यात बऱ्याचदा फक्त बापाचं नाव असतं, तेव्हा आईसाठी लग्न आणि दफन दोन्ही बघणं भाग आहे. आणि बाप्तिस्मा सापडल्यावर लगेच उड्या न मारता पुढच्या दहा-पंधरा वर्षांची दफनं वाचा. लहानपणीच गेलेल्या मुलाच्या नावावर अमेरिकेत नातवंडं वाढवलेल्या वंशावळी कमी नाहीत.

मृत्युपत्रांत 'सन-इन-लॉ' म्हणजे जावईच असं नाही, सावत्र मुलगाही असू शकतो. 'सीनियर' आणि 'ज्युनियर' हे बापलेकच असतील असंही नाही; एकाच गावात एका नावाची दोन माणसं असली की थोरला तो सीनियर, आणि तो मेला की ज्युनियर आपोआप सीनियर होतो.

वसाहतीतल्या कागदांत मला सगळ्यात भरवशाची वाटते ती १६२७ च्या मे महिन्यातली वसाहतीच्या गुरांची वाटणी: १२ गट, प्रत्येकात १३ माणसं, लेकराबाळांसकट नावनिशीवार. हाउलँड, एलिझाबेथ आणि दोन मुलं त्यात आहेत. अमुक मूल त्या मे महिन्याआधी जन्मलं की नंतर, याचा निकाल ही यादी लावते. गाईत वाटा मिळणार असताना कोण पोराचं नाव गाळेल?

एक विरोध मात्र मिटत नाही. हाउलँडच्या मृत्यूनोंदीत तो ऐंशीच्या वर जगला असं आहे, म्हणजे जन्म १५९३ च्या आधीचा. पण ब्रॅडफर्ड प्रवासात समुद्रात पडलेल्या हाउलँडचं वर्णन धट्टाकट्टा तरुण असं करतो, आणि तेव्हा तो दुसऱ्याच्या घरी नोकर होता. सत्ताविशी उलटलेल्या माणसाला हे जरा बेताचंच बसतं. म्हाताऱ्यांची वयं तेव्हा फुगवून सांगत, म्हणून बरेच अभ्यासक जन्म काही वर्षं पुढे ओढतात. उलट एलिझाबेथ १६८७ च्या डिसेंबरात वारली, ती हेन्लोच्या बाप्तिस्म्यावरून बरोबर ऐंशीची भरते. जॉनच्या जन्माच्या रकान्यात '१५९२' असा ठाम आकडा भरू नका. 'बहुधा १५९० चं दशक' असं लिहा आणि खाली मृत्यूनोंद आणि ब्रॅडफर्ड, दोघांचं म्हणणं जसंच्या तसं उतरवून ठेवा.