अन्ननलिका दुर्बिणीतून काढली, अडलं ते आहारनळीपाशी

डिस्चार्जच्या कागदावर आहारनळीबद्दल एकच ओळ होती : 'नळी स्वच्छ ठेवावी.' कशाने, किती वेळा, तुंबली तर काय, याबद्दल एक अक्षर नाही. त्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून हे लिहितो आहे.

शस्त्रक्रिया थोडक्यात अशी : छातीत आणि पोटात छोटी छिद्रं, अन्ननलिका काढायची, जठर कापून त्याची चार-पाच सेंटिमीटर रुंद नळी करायची, ती वर ओढून मानेत उरलेल्या अन्ननलिकेला जोड. जठराच्या या नळीच्या वरच्या टोकाला रक्त सगळ्यांत कमी पोचतं, म्हणून जोड तिथेच गळू शकतो. तो भरेपर्यंत पोषण जातं लहान आतड्यात बसवलेल्या बारीक नळीतून, म्हणजे आहारनळीतून.

ही आहारनळी तुंबते, आणि बहुतेक वेळा कुटलेल्या गोळ्यांमुळे. पातळ औषधं लिहून मागा. प्रत्येक औषध वेगळं द्या, मध्ये पाणी. दीर्घकाळ परिणाम करणारी गोळी कधीच कुटू नका, सगळा डोस एकदम अंगात जातो. फीडच्या (नळीतून द्यायच्या पातळ अन्नाच्या) आधी आणि नंतर 30 मिली कोमट पाणी. फीड पंपावर सलग चालू असेल तर दर चार तासांनी. तुंबलीच तर 50 मिलीची मोठी सिरिंज घ्या. लहान सिरिंजचा दाब जास्त पडतो, नळी फाटते. कोमट पाणी हलकेच आत-बाहेर करा, पंधरा मिनिटं क्लॅम्प (नळी बंद करणारा चिमटा) लावून ठेवा, पुन्हा करा. तार घालू नका. कोला तर नकोच. आंबट द्रवाने फीडमधलं प्रथिन साकळतं आणि गाठ घट्ट होते. नळी निसटली तर स्वतः आत ढकलू नका, पण लगेच रुग्णालय गाठा : पोटावरचं नळीचं नवीन छिद्र काही तासांत मिटतं. जुलाब लागले तर आधी पंपाचा वेग पाहा.

हे आधीच सांगायला हवं होतं : धूम्रपान शस्त्रक्रियेच्या किमान चार आठवडे आधी बंद, आणि श्वासाचा व्यायाम आधीपासूनच. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत पहिल्या दोन आठवड्यांत फुप्फुसाचा संसर्ग उघड्या (मोठा छेद घेऊन केलेल्या) शस्त्रक्रियेनंतर 29 टक्के, दुर्बिणीनंतर 9 टक्के रुग्णांना झाला. म्हणजे धोका उरतोच.

ताप, वाढलेली नाडी, मानेच्या जखमेभोवती लाली यांतलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दाखवा. झोपताना धड 30 अंश वर; अन्न वर येण्यापासून अडवणारी झडप आता नाही.