पदवीदानाच्या भाषणात न सांगितलेले

गेल्या महिन्यात भाचीच्या पदवीदान समारंभासाठी दादरला गेलो होतो. प्रमुख पाहुणे पाऊण तास उशिरा आले आणि वक्तशीरपणावर बराच वेळ बोलले. पुढे नेहमीचे मुद्दे आले: अपयशाला घाबरू नका, मनाचा कौल ऐका, आईवडिलांचे कष्ट विसरू नका. यातले काहीच खोटे नव्हते. तरीही गाऊनमध्ये घामाघूम झालेल्या मुलांपैकी कोणी ते ऐकत असेल, असे मला वाटले नाही.

घरी येऊन काही गाजलेली भाषणे पुन्हा ऐकली. अपयश हा त्यांचा लाडका विषय. ‘हॅरी पॉटर’च्या लेखिका जे. के. रोलिंग यांनी २००८ साली हार्वर्डमध्ये मोडलेला संसार, बेकारी आणि गरिबी यांविषयी मोकळेपणाने सांगितले. मात्र अपयशाची महती सांगण्यासाठी बोलावणे जाते ते अपयश मागे टाकलेल्यालाच; ज्याचे अपयश अजून संपलेले नाही, त्याला व्यासपीठावर खुर्ची नसते. ही अडचण स्टीव्ह जॉब्स यांना जाणवली असावी. कॉलेज सोडल्यानंतर केवळ कुतूहलापोटी गिरवलेले सुलेखनाचे धडे दहा वर्षांनी अ‍ॅपलच्या मॅकिंटॉश संगणकाच्या अक्षरांसाठी कसे उपयोगी पडले, हे त्यांनी २००५ साली स्टॅनफर्डमध्ये सांगितले, पण ठिपके जोडता येतात ते मागे वळून पाहतानाच, हेही कबूल केले. आपल्या रांगोळीत ठिपके आधी मोजून मांडतात. इथे ते कसेही पडतात, आणि रेघ मागाहून सापडली तर सापडते.

अमेरिकी नौदलातले अ‍ॅडमिरल विल्यम मॅकरेव्हन यांनी २०१४ साली टेक्सास विद्यापीठात सांगितले की सकाळी उठल्याबरोबर अंथरूण नीट करा. (दहा बाय बाराच्या खोलीत वाढलेल्या मुंबईकराला हे शिकवावे लागत नाही, अंथरूण गुंडाळल्याखेरीज चहाला बसायला जागाच होत नाही.)

मुंबई विद्यापीठ १८५७ साली लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापन झाले, तेव्हा हा सोहळा तिकडचा. उपदेश मात्र आपल्याकडे फार जुना आहे. तैत्तिरीय उपनिषदाच्या शीक्षावल्लीत वेदाध्ययन संपवून निघालेल्या शिष्याला आचार्य ‘सत्यं वद, धर्मं चर’ असे सांगतात, हे सर्वांना पाठ असते. त्याच उपदेशात थोडे पुढे ते म्हणतात की आमची जी चांगली आचरणे असतील तेवढीच तू उचल, ‘नो इतराणि’, इतर नकोत. शिकवणाऱ्याने निरोपाच्या वेळी आपल्या आचरणातही टाकून देण्याजोगे काही असू शकते, हे शिष्यासमोर मान्य करणे मला मोठे वाटते. हार्वर्ड-स्टॅनफर्डच्या कथांमध्ये अपयश असते, पण ते बहुधा परिस्थितीचे असते, वक्त्याच्या वागण्याचे क्वचितच.

आमच्या प्रमुख पाहुण्यांना ती संधी आयतीच चालून आली होती. उशीर का झाला, हे त्यांनी शेवटपर्यंत सांगितले नाही. भाषण संपले तेव्हा भाची गाऊन परत करून अनामत रक्कम घेण्याच्या रांगेत उभी राहिली होती.