पुनव धरून अंदमान: कोल्हापूरहून सहकुटुंब नऊ दिवस

अंदमानला जायचं ठरलं तेव्हा मी विमानाचे दर बघत होते आणि सासूबाई भिंतीवरचं कॅलेंडर. "त्रिपुरी पुनवेच्या आसपास जाऊया. उधाण असतंय, पाणी लांब मागं सरतंय. पोरांना बघायला मिळंल," त्या म्हणाल्या. त्यांचं माहेर मालवणजवळचं. कोल्हापुरात येऊन पंचेचाळीस वर्षं झाली, बोलणं सगळं इथलं झालं, पण समुद्राचं गणित डोक्यात पक्कं आहे. आम्ही बाकीचे रंकाळ्याच्या काठावर वाढलेले. आमच्या पाण्याला भरती नाही नि ओहोटी नाही.

त्रिपुरी पौर्णिमेच्या पहाटे पंचगंगा घाटावर हजारो पणत्या लागतात. तो दीपोत्सव आमच्या घरात कुणी चुकवत नाही. यंदा चुकवला आणि त्याची हुरहूर लागली. तरी सासूबाईंचं ऐकलं हे किती बरं झालं, ते शहीद द्वीपवर कळलं. म्हणून जाणाऱ्यांना पहिली गोष्ट हीच सांगते: हॉटेल नंतर ठरवा, आधी तिथी बघा. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, म्हणजे भरती मोठी आणि ओहोटीही मोठी. अष्टमीच्या आसपास भांग असतो. तेव्हा पाणी फारसं चढत नाही आणि फारसं उतरतही नाही. उधाणाच्या ओहोटीत खडकांवरची जी जागा उघडी पडते, ती भांगाला पाण्याखालीच राहते. सुट्टी तितक्याच दिवसांची आणि खर्च तेवढाच, पण चार दिवस मागेपुढे झाले तर दिसणाऱ्या गोष्टी पार बदलतात.

एक मात्र लक्षात ठेवा. कोकणात भरतीची वेळ काढायला तिथीची पाऊणपट करतात. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून सहाच्या सुमारास भरती. सासूबाईंनी हा हिशोब अंदमानात लावून बघितला आणि तो जुळला नाही. तो किनारा वेगळा, त्याच्या वेळा वेगळ्या. उधाण कधी हे तिथीवरून काढा, पण घड्याळातली वेळ जेट्टीवर किंवा हॉटेलात रोजच्या रोज विचारा.

प्रवासाचं थोडक्यात. आम्ही मिरजेहून राणी चन्नम्मा एक्सप्रेस धरली, सकाळी बेंगळुरू. एक दिवस तिथे मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी पहाटेचं विमान. गाडीतून उतरून त्याच दिवशीचं विमान गाठायचा धाडसी बेत करू नका. विमानतळ शहराबाहेर देवनहळ्ळीकडे आहे आणि गाडीला उशीर झाला तर सगळंच कोलमडतं. पोर्ट ब्लेअरचं नाव २०२४ पासून श्री विजयपुरम झालं आहे. रिक्षावाले आणि दुकानदार दोन्ही नावं वापरतात. तसंच हॅवलॉक म्हणजे स्वराज द्वीप, नील म्हणजे शहीद द्वीप आणि रॉस म्हणजे नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप. ही नावं २०१८ मध्ये बदलली. तिकिटं काढताना गोंधळ उडतो, म्हणून जुनी-नवी नावं एका कागदावर लिहून ठेवा.

पहिल्याच दिवशी सूर्य आपल्याला चकवतो. घड्याळ आपलंच, पण बेटं इतकी पूर्वेला की सगळं कोल्हापूरपेक्षा सुमारे सव्वा तास आधी होतं. नोव्हेंबरात पाचच्या सुमारास सूर्य बुडतो. सुट्टी म्हणून आठला उठाल तर दिवस हातातून गेलाच म्हणा. आम्ही दुसऱ्या दिवसापासून पाचला उठून सहाला बाहेर पडायला लागलो. मुलंही कुरकुर न करता उठली, कारण खिडकीबाहेर उजाडलेलंच असे.

सेल्युलर जेल बघितलं. १९०६ मध्ये बांधून झालेल्या सात इमारतींपैकी आज तीनच उभ्या आहेत. सावरकरांच्या कोठडीपुढे थोरली, सहावीतली, बराच वेळ काही बोलली नाही. याबद्दल मराठीत पुष्कळ लिहिलं गेलं आहे, मी आणखी लिहीत नाही. रॉसला बोटीने पंधरा मिनिटांत पोचतो. इंग्रजांच्या पडक्या इमारतींना वडाची मुळं विळखा घालून बसली आहेत आणि मधून चितळं हिंडतात. ही चितळं मूळची तिथली नाहीत, इंग्रजांनी आणलेली. माणसाळली आहेत, जवळ येतात. त्यांना बिस्किटं घालू नका. एक हरीण वेफर्सचं पाकीट चघळताना आम्ही पाहिलं आणि ते काढून घ्यायला कुणालाच जमलं नाही.

आता शहीद द्वीप. बहुतेक सहलींत हे बेट चार तासांत उरकतात: सकाळच्या बोटीने या, भरतपूरला काचेच्या तळाची बोट, लक्ष्मणपूरला फोटो, दुपारच्या बोटीने परत. आम्ही दोन रात्री राहिलो. तुम्हीही निदान एक रात्र राहा, कारण उधाणाची मोठी ओहोटी आम्हाला मिळाली ती दुपारी चारच्या सुमारास, आणि तोवर दिवसाचे प्रवासी जेट्टीकडे निघालेले होते.

लक्ष्मणपूरजवळ खडकाची नैसर्गिक कमान आहे. पूर्व बंगालमधून येऊन वसलेल्या लोकांनी तिला हावडा ब्रिज म्हणायला सुरुवात केली. सगळे कमानीखाली फोटो काढतात, पण खरी संपत्ती पायाखाली आहे. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी पाणी इतकं मागे गेलं होतं की कमानीपुढचा प्रवाळाचा सपाट खडक लांबवर उघडा पडला होता आणि त्याच्या खळग्याखळग्यांत समुद्र साचून राहिला होता. गावातला एक मुलगा वाट दाखवायला घेतला. त्याने एका खळग्यापाशी थांबवलं. "दादी, इधर से देखो. परछाई मत डालना." खडकात रुतलेला एक मोठा शिंपला, तळहाताएवढा. तोंड वर करून उघडलेला आणि त्या फटीतून नागमोडी कड बाहेर आलेली. ती निळी म्हणावी की जांभळी? पैठणीच्या काठाला उन्हात धरल्यावर जो रंग फिरतो तसा, आणि त्यावर बारीक हिरवट ठिपके. धाकटा वाकला, त्याची सावली पडली आणि शिंपला दचकल्यासारखा मिटला. पाण्याची चिळकांडी उडाली. आम्ही मागे सरून गप्प उभे राहिलो. जरा वेळाने ती कड पुन्हा हळूहळू उलगडत बाहेर आली.

त्या कडेत सूक्ष्म शेवाळ राहतं. ते उन्हावर अन्न तयार करतं आणि त्यातलं शिंपल्याला मिळतं, म्हणून तो उन्हाकडे तोंड करून बसतो. कडेवर बारीक डोळ्यांसारखे अवयव असतात, त्यांना सावली कळते. हे मी मुलांना नंतर सांगितलं. त्या क्षणी सांगायची गरजच नव्हती.

पुढे काळी, लांबट समुद्रकाकडी दिसली. ती वाळू गिळते, तिच्यातलं खाण्याजोगं घेते आणि स्वच्छ वाळू मागे टाकते. एका गटाचा वाटाड्या ती उचलून सगळ्यांच्या हातात देत होता. आम्ही आमच्या मुलाला आधीच सांगितलं होतं, काही उचलायचं नाही, जिथे आहे तिथेच दाखव. तो उलट खूश झाला. हाताळल्यावर घाबरून समुद्रकाकडी आतडी बाहेर टाकते, आणि २००१ पासून तिला वाघाइतकंच कडक कायदेशीर संरक्षण आहे. तुम्हीही तसं आधीच सांगा, पैसेही आधीच ठरवा. सासूबाई एका सपाट दगडावर बसल्या होत्या. तिथूनच त्यांनी एका कपारीत लपलेली कुर्ली आमच्या आधी टिपली.

इथे दोन गोष्टी जपा. खडक धारदार आणि निसरडा आहे, चपलेवर जाऊ नका. पाण्यात घालायचे रबरी बूट घरूनच न्या. आणि पाणी वळलं की तुम्हीही वळा. भरती चढताना मोठ्या लाटा दिसत नाहीत. खळगे गुपचूप एकमेकांना मिळतात आणि परतीची वाट पाण्याखाली जाते. त्यात अंधार लवकर पडतो.

तिथून स्वराज द्वीप. कोल्हापूरकरांना राधानगर म्हटलं की राधानगरी आणि दाजीपूरचे गवेच आठवणार. हे राधानगर म्हणजे पांढऱ्या वाळूचा लांबलचक किनारा, मागे उंच झाडांचं रान. पोहायला राखलेल्या भागातच उतरा. अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत आणि २०१० मध्ये या बेटावर एका परदेशी पर्यटक तरुणीचा मगरीच्या हल्ल्यात मृत्यू झाला होता. जीवरक्षक शिट्टी मारून बोलावतो तेव्हा त्याच्याशी वाद घालणारी माणसं बघून मला फार राग आला. खाडीच्या तोंडाशी आणि कांदळवनाच्या कडेला तर मुलांना घोट्याभर पाण्यातही सोडू नका.

एलिफंट बीचला नळी लावून पाण्याखाली बघितलं. मासे भरपूर आहेत, अगदी हाताच्या अंतरावर. प्रवाळ मात्र बराचसा राखाडी, मेलेला. २०१० आणि २०१६ मध्ये समुद्र तापून इथला प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरा पडला होता. जाहिरातीतल्या रंगांची अपेक्षा ठेवून जाऊ नका. जो जिवंत आहे त्यावर पाय टेकू नका; दमलात तर पाठीवर तरंगा.

काळापत्थरच्या किनाऱ्यावर धाकट्याने एक शंख खिशात घातला होता, आम्हाला माहीतच नाही. रात्री खोलीत खडखड ऐकू यायला लागली. दिवा लावला तर फरशीवर शंख चालत होता. आत खेकडा, लालसर पाय बाहेर काढलेले. या खेकड्याचं पोट मऊ असतं, म्हणून तो रिकामा शंख शोधून त्यात राहतो आणि वाढला की मोठा शंख शोधतो. पोरगं रडायला लागलं. रात्री साडेनऊला यांनी बॅटरी घेतली, त्याने शंख ओंजळीत धरला आणि दोघं किनाऱ्यावर जाऊन सोडून आले. परत आल्यावर त्याने विचारलं, "माणसांनी सगळे शंख घरी नेले तर हे राहतील कुठं?" दुसऱ्या दिवशी वाळूत औषधाच्या बाटलीचं टोपण पाठीवर घेऊन चाललेला खेकडा दिसला, तेव्हा तो प्रश्न आम्हाला सगळ्यांना पुन्हा आठवला.

परतीला अडचण आली. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार झाला आणि आमची बोट रद्द झाली. पैसे परत मिळाले, पण जेट्टीवर पाच तास गेले आणि पुढचं कुणी नीट सांगेना. नोव्हेंबरात हे होऊ शकतं. म्हणून परतीच्या विमानाआधीचा एक पूर्ण दिवस श्री विजयपुरममध्ये मोकळा ठेवा. आमचा तो दिवस होता म्हणून विमान चुकलं नाही, मात्र त्यापायी वंडूरचं सागरी राष्ट्रीय उद्यान राहिलं. तिथे जॉली बॉय आणि रेड स्किन ही बेटं आळीपाळीने उघडतात आणि एकदा वापरायचं प्लास्टिक नेऊ देत नाहीत. परवाना आधी काढावा लागतो. ते सहलीच्या सुरुवातीलाच उरका.

बारातांगला आम्ही ठरवून गेलो नाही. तिथला रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो, ठरलेल्या वेळी गाड्यांचा ताफा सोडतात, थांबायला आणि फोटोला बंदी आहे. तिथली चुनखडीची गुहा सुंदर आहे म्हणतात. पण त्या ताफ्यात अनेकांची नजर गुहेपेक्षा माणसं दिसतात का याकडेच असते, आणि मुलांना ते दाखवायचं नव्हतं. त्याऐवजी मोकळ्या दिवशी संध्याकाळी चिडिया टापूला गेलो. पोपटांचे थवे, एक खंड्या आणि झाडाच्या शेंड्यावर पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुड. सूर्यास्तापेक्षा तासभर आधी पोचा, पक्षी तेव्हाच दिसतात.

बोटीतल्या उलट्यांची गोळी अर्धा-पाऊण तास आधी घ्या. बोट हलायला लागल्यावर घेऊन उपयोग नाही. पोट बरं असेल तर बाहेर बघत राहा, उडणारे मासे लाटेवरून सरळ रेषेत सूर मारतात. स्वराज आणि शहीद द्वीपवर एटीएम मोजकीच, रोख जवळ ठेवा. जेवायला ताजी मासळी आणि भात सगळीकडे मिळतो, पण तिखट आपल्यासारखं नाही. आम्ही भडंग, शेंगदाण्याची चटणी आणि कांदा-लसूण मसाल्याची पुडी नेली होती. त्या मसाल्यावर सासूबाईंनी एका खानावळीतल्या बाईंना सुरमई परतून दाखवली आणि उरलेली पुडी तिथेच देऊन आल्या.

विमानतळावर सामान नीट तपासतात. शंख, शिंपले, प्रवाळाचे तुकडे किनाऱ्यावरून उचलून आणायला बंदी आहे. आमच्या पुढच्या कुटुंबाच्या बॅगेतून मूठभर प्रवाळ निघाला आणि त्यांना बाजूला बसवून ठेवलं. धाकट्याने ते बघून स्वतःचे दोन्ही खिसे उलटे करून दाखवले. आमची बॅग उघडायला लावली ती ओल्या बुटांमुळे. ते वेगळ्या पिशवीत, वरच्या बाजूला ठेवा.