चढ नाही, पण मुळं आहेत: तुलूझ ते सेत, कालव्याच्या काठाने

निघण्याआधी भाच्याला मी एकच प्रश्न विचारला होता, "चढ किती रे?" तो दक्षिण फ्रान्समधल्या तुलूझमध्ये नोकरीला आहे आणि शनिवार-रविवार सायकलवरच असतो. म्हणाला, "मावशी, पहिल्या पन्नास-बावन्न किलोमीटरमध्ये मिळून साठेक मीटर. पर्वती त्याहून उंच आहे. पुढे समुद्रापर्यंत उतारच." ऐकून मी निर्धास्त झाले. तिथेच चुकलं. कानाल दू मिदी या कालव्यावर चढाचा त्रास होत नाही, त्रास होतो तो वाटेचा. ती कुठे कशी आहे हे आधी कळलं असतं तर माझे दोन दिवस सुखाचे गेले असते, म्हणून हे लिहिते आहे.

कालवा तुलूझहून निघतो आणि २४० किलोमीटरवर एतां द तो या खाऱ्या सरोवराला मिळतो. पियेर-पॉल रिके या मीठकर गोळा करणाऱ्या गृहस्थाने तो खणायला घेतला. काम १६६६ ते १६८१ चाललं, आणि रिके उद्घाटनाच्या काही महिने आधी गेला. १९९६ पासून कालवा जागतिक वारसा यादीत आहे. नावा ओढणारे घोडे ज्या काठावरून चालत, तीच आज सायकलची वाट आहे. मोटारींना मज्जाव. गावात शिरताना किंवा रस्ता ओलांडताना तेवढी गाडी दिसते.

आम्ही सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात गेलो आणि पाच दिवस घेतले. मुक्काम असे: कास्तेलनोदारी, कार्कासोन, ल सोमाय, बेझिए, आणि शेवटी सेत. रोजचे चाळीस ते पासष्ट किलोमीटर. कागदावर फार कमी वाटतात. मलाही वाटले होते.

पहिला दिवस खरोखर लोण्यासारखा. तुलूझपासून पोर्ट लोरागेच्या आसपासपर्यंत डांबरी वाट आहे, दोन्ही बाजूंना चिनारांची कमान. सकाळी ऑफिसला जाणारी माणसं, मग मुलांना ट्रेलरमध्ये बसवून नेणारे बाप, आणि दहा वाजल्यानंतर कुणीच नाही. नोरूझला पाणी वाटलं जातं. मोंतान्य न्वार डोंगरातून चरांनी आणलेलं पाणी इथे कालव्यात पडतं, अर्धं अटलांटिककडे जातं, अर्धं भूमध्य समुद्राकडे. उंची जेमतेम १९० मीटर. ही जागा वाटेपासून थोडी आत आहे आणि घाईत सुटते. सोडू नका, झाडीत बसून डबा खायला याहून चांगली जागा पुढे मिळाली नाही.

नोरूझनंतर डांबर संपतं आणि बारीक खडी सुरू होते. कार्कासोनपर्यंत ती बरी दाबलेली आहे, ३५ मिलिमीटरचं टायर आरामात चालतं. खरी गंमत कार्कासोननंतर. वाट कुठे रुंद, कुठे हातभर, कुठे गवतातून गेलेली नुसती चाकोरी, आणि चिनाराची मुळं आडवी पसरलेली, साडीच्या निऱ्यांसारखी एकामागे एक. माझी भाड्याची सायकल ३२ मिलिमीटरच्या टायरची होती. "कालव्याला ही पुरते," असं दुकानदाराने सांगितलं होतं. बहुतेक त्याचा कालवा पोर्ट लोरागेलाच संपत असावा.

त्रेब सोडून तासभर झाला असेल. अंगठ्याएवढं जाड एक मूळ, वर पानं पडलेली, आणि मी बऱ्यापैकी वेगात. धाडकन आवाज झाला आणि पुढचं चाक बसलं. ट्यूब काढून पाहिली तर शेजारी शेजारी दोन चिरा, साप चावल्यासारख्या. हवा कमी असली की रिम आणि मुळाच्या मध्ये ट्यूब अशीच चिमटते. आदल्या संध्याकाळी हात दुखतात म्हणून हवा मीच काढली होती, कुणाला बोल लावणार? भाचा ४५ मिलिमीटरच्या ट्यूबलेस टायरांवर पुढे निघून गेला होता. परत आला, बघितलं, आणि एक अक्षर न बोलता पंप काढला. तो सोमवार होता. सोमवारी या भागातली अर्धी दुकानं बंद असतात, सायकलची तर हमखास. त्यामुळे कार्कासोनच्या पुढे जाणार असाल तर ४० मिलिमीटर किंवा त्याहून रुंद टायर, दोन जादा ट्यूब आणि स्वतःचा पंप. यात काटकसर करू नका.

याच पट्ट्यात झाडांची गोष्ट डोळ्यांसमोर येते. एकोणिसाव्या शतकात लावलेले हे चिनार सुमारे ४२,००० होते. २००६ मध्ये कार्कासोन आणि त्रेबच्या मधल्या विल्दुबेरजवळ एका बुरशीजन्य रोगाची लागण सापडली. झाड आतून वाळतं, आणि बुरशी पाण्यातून, मुळांतून, करवतीच्या पात्यावरून शेजारच्या झाडाला लागते. उपाय नाही, म्हणून रोगट झाडं तोडून जाळतात आणि निरोगी शेजारीही जातात. परिणामी मैलोन्मैल काठ बोडका, काठीला बांधलेली कोवळी रोपं, आणि वर ऊन. फोटोंतली हिरवी कमान इथे शोधू नका. टोपी आणि दोन बाटल्या पाणी हवंच.

पाण्यावरून आठवलं. फ्रान्समधल्या खेड्यात नळ कुठे असतो? दफनभूमीत. फुलझाडांना घालायला बहुतेक ठिकाणी असतो आणि सायकलवाले बिनदिक्कत भरून घेतात. मी पहिल्यांदा फाटकाबाहेरच उभी राहिले. आजीला कळलं असतं तर घरात घेतलं नसतं. तिसऱ्या दिवशी छत्तीस अंशात भीड चेपली. फक्त पाटी वाचा, 'नॉं पोताब्ल' लिहिलं असेल तर प्यायचं नाही.

खाण्याचं सांगते, कारण शाकाहारी असाल तर हीच मोठी चढण. कास्तेलनोदारी स्वतःला कासुलेची राजधानी म्हणवते. कासुले म्हणजे मातीच्या भांड्यात तासन्‌तास शिजवलेला पांढरा घेवडा. दिसायला आपल्या उसळीचा लांबचा भाऊ, पण आत बदक आणि डुक्कर. भाच्याने दोन वेळा चापलं, मी वासावर समाधान मानलं. गरम शेळीच्या चीजचं सॅलड सगळीकडे मिळतं, पण त्यावर न विचारता डुकराचे तुकडे भुरभुरतात, म्हणून मागवतानाच 'सां लार्दों' म्हणा. आणि घड्याळ बघा. स्वयंपाकघर दोनला बंद म्हणजे बंद, सव्वादोनला पोचलात तर कॉफी मिळेल. रविवारी दुपारनंतर तर काहीच नाही. शेंगदाण्याची चटणी आणि बेकरीतला ताजा पाव, यावर माझे दोन जेवणवेळ निघाले आणि तक्रार नाही.

ऑम्प्सच्या पुढे आर्जांचं लॉक लागतं (लॉक म्हणजे नावा खाली-वर करायला बांधलेलं, दारं असलेलं कुंड), आणि तिथून बेझिएपर्यंत ५४ किलोमीटर एकही लॉक नाही. पाणी एकाच पातळीवर ठेवण्यासाठी रिकेने कालवा टेकड्यांच्या कडेकडेने वळवत नेला, आपल्याकडे पाट नेतात तसा. त्यामुळे समोरचं गाव दिसतं, घंटा ऐकू येते, आणि वाट मात्र तासभर त्याच्याभोवती फिरवते. कापेस्तांच्या देवळाचा मनोरा मी तीन वेळा डावीकडे आणि दोन वेळा उजवीकडे पाहिला. अंतर नकाशावर बोटाने मोजू नका. पण हाच पट्टा सगळ्यात सुंदर. द्राक्षतोडणी चालू होती, ट्रॅक्टरमागच्या ट्रॉल्यांतून रस ठिबकत होता आणि सगळीकडे आंबूस-गोड वास. माझ्या सायकलच्या साखळीलाही चिकटला.

मालपासला उतरून टेकडीवर चढा. खाली कालव्याचा बोगदा आहे, १६७९चा, नावा जाण्यासाठी खणलेला पहिलाच. त्याच टेकडीच्या पोटात आणखी खाली रेल्वेचा बोगदा, आणि त्याहूनही खाली मध्ययुगात खणलेली मोरी. ही मोरी मोंतादीच्या दलदलीचं पाणी काढून नेते. वर आंसेरूनच्या टेकडीवरून ती कोरडी झालेली दलदल दिसते. मधोमध एक बिंदू आणि त्यातून निघालेली शेतं, पिठल्याच्या वड्या नव्हे तर केकच्या फोडींसारखी. तिथे मी अर्धा तास बसले. भाचा खाली फोनवर ऑफिसचं काम करत होता.

बेझिएच्या दारातच फोंसेरानची लॉकची शिडी आहे. लागोपाठ कुंडं, साडेएकवीस मीटर उतार. कुंडांच्या भिंती सरळ नाहीत, लंबगोल आहेत. सुरुवातीला एका लॉकची सरळ भिंत मातीच्या दाबाने ढासळली, तेव्हा रिकेने कमान आडवी पाडावी तसा आकार दिला. गर्दी असते, सायकल हाताने उतरवा.

वाऱ्याबद्दल एक. पश्चिमेचा वारा इथे 'सेर्स' आणि समुद्राकडचा 'मारँ'. सेर्स जास्त वाहतो, म्हणून तुलूझहून समुद्राकडे जाणं शहाणपणाचं. आम्हाला शेवटच्या दिवशी नेमका मारँ लागला, आग्दनंतर ताशी बारा किलोमीटरवर आलो. आणि शरद ऋतूत निघालात तर हवामान खात्याच्या इशाऱ्याचा रंग रोज पाहा. नारिंगी असेल तर मुक्काम हलवू नका. ऑक्टोबर २०१८ मध्ये त्रेबला पुराने माणसं गेली आहेत.

मार्सेयांच्या किनाऱ्यापासून सेतपर्यंत समुद्राच्या बाजूने सायकलची वेगळी वाट आहे, सपाट, वाळूने थोडी झाकलेली. परतीला सेतहून तुलूझला गाड्या आहेत. लांब पल्ल्याच्या गाडीत सायकलची जागा आधी राखावी लागते. प्रादेशिक गाडीत सायकली हुकाला टांगतात, हुक मोजके. पिशव्या फलाटावरच काढून ठेवा. मी ते दारात करत बसले, आणि मागच्या आजोबांनी माझी सायकल उचलून स्वतःच टांगली. पुढच्या चाकाला लागलेला चिखल त्यांच्या पांढऱ्या शर्टावर.