नेरूळच्या जुन्या रो-हाऊसची नोंद : गच्ची पूर्ण, पश्चिमेची भिंत अर्धी

घर सिडकोने ऐंशीच्या दशकात बांधलेलं, तळमजला अधिक एक. दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांशी सामाईक भिंती, तोंड पश्चिमेला. गच्ची 9 मीटर बाय 5 मीटर, म्हणजे 45 चौरस मीटर. तक्रारी अशा घरांच्या नेहमीच्याच : पावसाळ्यात वरच्या छताला ओल, एप्रिल-मेमध्ये रात्री उशिरापर्यंत छतातून उतरणारी धग आणि पश्चिमेच्या भिंतीवर रंगाचे पोपडे.

या घराच्या कामाचा क्रम ठरवून घेतला आहे : आधी कोरडं, मग थंड, यंत्रं शेवटी. बहुतेक ठिकाणी हे उलटं होतं. टाइल्स, पीओपी, एसी आधी येतात आणि गच्ची 'पुढच्या वर्षी'वर जाते. ओल्या स्लॅबखाली फॉल्स सीलिंग लावलं की गळती थांबत नाही, फक्त दिसेनाशी होते. वर सळई गंजत राहते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून तो काँक्रीट आतून ढकलतो आणि एक दिवस पोपडा सीलिंगवर पडतो. तोवर सळईची बरीच हानी झालेली असते.

हात लावण्याआधी स्ट्रक्चरल ऑडिट करून घेतलं. 30 वर्षांपुढच्या इमारतींना ते महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 265 अ प्रमाणे करावंच लागतं, पण कायदा बाजूला ठेवला तरी रिबाउंड हॅमर (पृष्ठभागाचा कठीणपणा), अल्ट्रासॉनिक (आतले तडे, पोकळ्या) आणि कार्बोनेशन (हवेमुळे काँक्रीटचं सळईला असलेलं संरक्षण किती गेलं) या तीन चाचण्यांचे आकडे हाती असल्याशिवाय जुन्या स्लॅबवर ब्रेकर, म्हणजे काँक्रीट फोडायचं यंत्र, चालवू नये. कार्बोनेशनची चाचणी डोळ्यांनी कळते : ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलीन फवारलं की जिथे गुलाबी होतं तिथे सळईला अजून संरक्षण आहे, जिथे रंग येत नाही तिथे ते संपलं. खाडी जवळ असल्याने क्लोराइडही (सळई गंजवणारा खारा अंश) तपासून घ्यावं.

गच्चीवर काय निघालं

मूळ विटांचा कोबा (विटांचे तुकडे आणि सिमेंटचा जलरोधक थर) 125 मिमीचा. त्यावर नंतर कधीतरी घातलेला आणखी 50 मिमीचा थर. एकूण 175 मिमी, म्हणजे चौरस मीटरला साधारण 350 किलो आणि पूर्ण गच्चीवर जवळपास पावणेसोळा टन. गळती दिसली की वरून आणखी एक थर ओतायचा, ही पद्धत ठाणे-नवी मुंबईत सर्रास दिसते. ती दोन कारणांनी वाईट. खालच्या कोब्यात मुरलेलं पाणी तसंच कोंडलं जातं आणि डिसेंबरातही छताला ओल दिसत राहते. दुसरं म्हणजे स्लॅबवरचा बोजा दर खेपेला वाढत जातो.

म्हणून सगळं स्लॅबपर्यंत उतरवलं. आतून टेकू लावून, हलका ब्रेकर वापरून, आणि कडेकडून नव्हे तर पट्ट्यापट्ट्याने. जड ब्रेकर वेळ वाचवतो, पण 110 मिमीच्या जुन्या स्लॅबला खालून तडे देतो. फोडलेला माल मधोमध ढिगाने ठेवू नये, गोण्या भरून लगेच खाली उतरवाव्यात. 30 किलोची एक धरली तर पाचशेहून जास्त गोण्या होतात, तेव्हा टेम्पोचं आधीच ठरवून ठेवा. डेब्रिज महापालिकेच्या ठरलेल्या जागीच गेलं पाहिजे. ते खाडीकाठी, कांदळवनात टाकणाऱ्या ठेकेदाराला काम देऊच नये.

सळई उघडी पडल्यावर व्हर्नियर (जाडी मोजायची बारीक मोजपट्टी) लावून मोजा. 8 मिमीची सळई 7 मिमी भरली तर 'एकच मिलिमीटर गेला' असं वाटतं. पण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाप्रमाणे बदलतं : 7 चा वर्ग 49 भागिले 8 चा वर्ग 64. म्हणजे 23 टक्के लोखंड गेलं. अशा जागी नुसता गंजरोधक फासून भागत नाही, इंजिनिअरच्या सांगण्यानुसार जोडसळई टाकावी लागते. बाकी ठिकाणी काँक्रीट सळईच्या मागच्या बाजूपर्यंत फोडायचं, तारेच्या ब्रशने चकचकीत घासायचं, झिंक प्रायमर लावायचा, मग बाँडिंग कोट आणि तो चिकट असतानाच पॉलिमर मॉर्टर भरायचं. एका वेळी 10-12 मिमीपेक्षा जाड थर नको, सुकताना तो सुटतो. सळईचा फक्त पुढचा भाग साफ करून पॅच मारला, तर गंज मागून चालूच राहतो आणि पॅच दोन-तीन पावसाळ्यांत परत फुगतो.

नवे थर, खालून वर

स्लॅब दुरुस्त झाल्यावर उताराचं काँक्रीट, 1:2:4 (सिमेंट, वाळू, खडी), 10 मिमी ग्रिटचं. मधोमध आडवी धार काढून पुढे आणि मागे 1:100 उतार दिला. पाइपाच्या तोंडाशी 25 मिमी, धारेवर 70 मिमी, सरासरी 48. सिमेंट साधारण 14 पोती, दर पोत्याला 200 मिली वॉटरप्रूफिंग कंपाउंड. ठिय्ये (उंचीच्या खुणा) लेव्हल ट्यूबने लावा. उताराचा अंदाज नजरेने घेतला की कुठेतरी वाटीएवढी खोलगट जागा राहतेच, आणि नेमकं तिथे पाणी साचतं. कठड्याच्या कडेने 75 मिमीचा वाटा (कोपऱ्यातली गोलसर भर) भरला. आठवडाभर पाणी मारून काम मुरवलं.

त्यावर दोन घटकांचं पॉलिमर-सिमेंट कोटिंग, दोन हात, एकमेकांना काटकोनात. कोटिंग कठड्यावर 300 मिमी चढवलं, त्यामुळे क्षेत्र 53 चौरस मीटर झालं. दोन हातांना मिळून चौरस मीटरला 2 किलो धरलं तर 106 किलो माल. वाट्यावर आणि पाइपाभोवती पहिला हात ओला असतानाच त्यात फायबरची जाळी दाबायची. मिस्त्री पाणी जास्त घालून माल पातळ करतात, कारण ब्रश हलका चालतो. डबे मोजून घ्या, उरलेला मालच सांगतो थर किती बसला.

सगळ्यात जास्त लक्ष पाइपाच्या तोंडाकडे हवं. गच्ची मधल्या मैदानात क्वचित गळते, गळते ती पाइप आणि काँक्रीटच्या सांध्यात. पीव्हीसी तापून फुगतं-आकसतं, काँक्रीट तेवढं हलत नाही, आणि केसाएवढी फट पडते. इथे पाइपाभोवती 50 मिमी खोल खळगा करून नॉन-श्रिंक (सुकताना न आकसणारं) ग्राउट भरलं, कोटिंग तोंडातून 75 मिमी आतपर्यंत उतरवलं. वर सपाट जाळी न लावता घुमटी जाळी लावली, कारण सपाट जाळी बदामाचं एक पानही बंद करू शकतं. पुढे-मागे एकेक 100 मिमीचा पाइप आहे, तरीही तयार फरशीपासून 50 मिमी वर कठड्यातून एक मोकळी नळी काढली. दोन्ही पाइप तुंबले आणि गच्चीवर 100 मिमी पाणी चढलं, तर ते साडेचार टन होतं. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिमी पडला होता, तेव्हा असा हिशोब करणं हा भित्रेपणा नव्हे.

मग पाणी बांधून चाचणी : 50 मिमी, 48 तास. पातळी उतरली की वाद सुरू होतो, ठेकेदार म्हणतो ऊन आहे, उडणारच. त्यावर साधा उपाय आहे. सरळ कडांची एक बादली पाण्याने भरून तिथेच उन्हात ठेवा. बादली आणि गच्ची दोन्ही सारखी उतरली तर बाष्पीभवन, गच्ची जास्त उतरली तर गळती. रो-हाऊसमध्ये आणखी एक गोष्ट कळते : आपली गच्ची भरलेली असताना छत कोरडं राहिलं आणि पावसात मात्र ओल आली, तर पाणी सामाईक कठड्यातून किंवा शेजारच्या गच्चीवरून येत आहे. अशा वेळी कठड्याचा माथा आणि दोन्ही बाजूंचे वाटे शेजाऱ्यांशी बोलून एकत्रच करावे लागतात.

चाचणीनंतर 50 मिमी एक्सपीएस (उष्णता अडवणारं कडक फोम). शीट 1250 बाय 600 मिमीची, 60 लागतात, कापण्यासाठी 3 जास्त. घनता घनमीटरला 32 ते 36 किलो. साधा थर्मोकोल इथे चालत नाही, तो पाणी धरतो आणि पाणी धरलं की उष्णता अडवणं थांबतं. दोन गोष्टी सांभाळा. थिनर किंवा सॉल्व्हंट असलेला कुठलाही गोंद, प्रायमर त्याला लागला की एक्सपीएस विरघळतं. आणि एक अवकाळी सर आली तर शीट सरळ तरंगायला लागतात, म्हणून जेवढी शीट अंथराल तेवढ्यावर त्याच दिवशी जिओटेक्स्टाइल (पाणी झिरपू देणारं कापड) आणि 40 मिमी जाळीचं काँक्रीट पडलं पाहिजे. काँक्रीट 2 मीटरच्या चौकटींत, मध्ये 10 मिमी सांधे, सांध्यात पीयू सीलंट. शेवटी पांढरं चायना मोझॅक (चकचकीत टाइल्सच्या तुकड्यांची फरशी).

नव्या थरांचं वजन चौरस मीटरला साधारण 240 किलो, म्हणजे स्लॅबवरचा बोजा एकूण पाच टनांनी उतरला. उष्णतेचं गणित : जुन्या छताचं यू-मूल्य (छतातून किती उष्णता आत येते त्याचं माप, कमी तेवढं चांगलं) 2 च्या आसपास येत होतं, आता ते 0.55 च्या आसपास येतं. बीईईच्या (केंद्राच्या ऊर्जा बचत संस्थेच्या) 2018 च्या इको निवास संहितेत नव्या घरांच्या छतासाठी 1.2 ची मर्यादा आहे. तेवढ्याला 25 मिमी एक्सपीएसही पुरतं. 50 घेण्याचं कारण एवढंच, की मजुरी तीच असते आणि गच्ची परत उघडायची नसते.

पांढऱ्या रंगाचा गुण धुळीने आणि शेवाळाने कमी होतो. पावसाळ्यात मोझॅक निसरडं होतं, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये ते घासून धुतलं नाही तर ऐन उन्हाळ्यात ते करडं असतं. ही मेहनत दरवर्षीची आहे.

पश्चिमेची भिंत आणि खिडक्या

परांची बांधून गिलावा हातोडीच्या दांड्याने ठोकून पाहिला. पोकळ आवाज आला तिथे विटेपर्यंत काढला. नवा गिलावा दोन थरांत 20 मिमी, 1:4. बीम आणि विटेच्या सांध्यावर 200 मिमी रुंद चिकन मेश ठोकल्याशिवाय गिलावा करू नका. दोन्ही वेगवेगळ्या प्रमाणात तापतात, आणि आडवी चीर नेमकी तिथेच जाते. बारीक जुन्या चिरांना व्ही आकाराची खाच पाडून लवचिक फिलर भरला. रंग अजून दिलेला नाही. नव्या गिलाव्याला 28 दिवस द्यायचे आणि मगच इलास्टोमेरिक (रबरासारखा ताणणाऱ्या) रंगाचे दोन हात. ओल्या भिंतीवर हा रंग दिला की आतली वाफ बाहेर पडू शकत नाही आणि फुगे येतात.

खिडक्यांतून येणारं पाणी बहुतेक वेळा खिडकीतून नव्हे, उंबऱ्याखालून येतं. ग्रॅनाइटची पट्टी बाहेरच्या बाजूला 5 मिमी उतरती, भिंतीपुढे 25 मिमी आलेली आणि खालच्या अंगाला कटरने 6 मिमीची खाच मारलेली हवी. खाच नसेल तर पाणी पट्टीच्या पोटाला चिकटून परत भिंतीकडे येतं. चौकटीभोवतीच्या फटीत आधी फोमची दोरी, मग न्यूट्रल सिलिकॉन. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन धातूला आणि सिमेंटला चालत नाही. स्लायडिंगच्या ट्रॅकला बाहेर निचऱ्याची भोकं आहेत का, आणि ती सिमेंटने बुजली तर नाहीत, हे बसवताना स्वतः पाहा.

दुपारी चारनंतरचं ऊन तिरपं येतं, त्याला वरचा छज्जा अडवू शकत नाही. आतल्या पडद्याचा उपयोग कमी, कारण ऊन तोवर काचेतून आत आलेलं असतं. खिडकीच्या बाहेर चिक किंवा उभ्या पट्ट्या हव्यात.

वायरिंग आणि सोलर

जुनी ॲल्युमिनियमची वायर पूर्ण काढायची आहे. नवी तांब्याची : दिव्या-पंख्यांना 1.5 चौरस मिमी, 16 अँपिअरच्या सॉकेटला 2.5, एसी आणि गीझरला 4. अर्थिंग नवं, आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच). पंखे बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) : 75 वॉटच्या जागी 30. दिवसाला 15 तास धरले तर एका पंख्यामागे वर्षाला जवळपास 245 युनिट वाचतात. एसीचा टनेज ठरवायला थांबलेलं बरं. नव्या छताखाली एक उन्हाळा काढल्यावर लहान एसी पुरतो का ते कळेल.

सोलरचे काँक्रीटचे पाये मात्र कोटिंगच्या आधीच स्लॅबवर ओतून घेतले आणि कोटिंग त्यांच्यावर चढवलं. तयार गच्चीत अँकर मारणारे पॅनलवाले सगळं वॉटरप्रूफिंग एका दुपारी भोकं पाडून संपवतात. 1 किलोवॉटला 10 चौरस मीटर धरा, वर्षाची सरासरी दिवसाला 4 युनिट, जुलै-ऑगस्टमध्ये बरीच कमी. पीएम सूर्य घर योजनेत 2 किलोवॉटपर्यंत किलोवॉटला 30 हजार आणि 3 किंवा त्याहून जास्त किलोवॉटला एकूण 78 हजार अनुदान आहे. इथे पायांची जागा 3 किलोवॉटची ठेवली आहे.

विक्रीच्या किमतीबद्दल विचारलं जातं म्हणून एवढंच : गच्चीवर परवानगीशिवाय पत्र्याची शेड टाकून एक खोली वाढवणं हा फायदा नाही. खरेदीदाराची बँक मंजूर नकाशा मागते, आणि सिडकोची जमीन भाडेपट्ट्याची असल्याने हस्तांतरणाच्या वेळी वाढीव बांधकाम आडवं येतं. ऑडिटचा अहवाल, उघड्या सळईचे तारीखवार फोटो, कोटिंगची बिलं आणि पाणी बांधलेल्या चाचणीची नोंद एका फाइलमध्ये ठेवली आहे.

पुढची कामं : भिंतीचा रंग, मागच्या दोन खिडक्या, मग वायरिंग. महावितरणकडे मंजूर भार वाढवण्याचा अर्ज सोलरच्या अर्जाआधी द्यायचा आहे.