बोगद्यापलीकडचा वाटाणा

मनालीच्या बसस्थानकावर सकाळी भुरभुर पाऊस चालू होता. लाहौल खोऱ्यातल्या केलाँगची बस लागली तशा पाच-सहा जणांनी खिडकीतून पिशव्या टाकून जागा धरल्या आणि आईचा चेहरा खुलला. "अगं, हे तर आपल्या सासवडच्या स्टँडसारखंच!" आम्ही टॅक्सी मुद्दामच घेतली नव्हती. खोऱ्यातली माणसं जशी जातात तसं जायचं, हे निघतानाच ठरलं होतं. पुढच्या बाकावरच्या दोन लाहौली बायकांना कंडक्टरने अर्धं तिकीट दिलं. हिमाचल सरकारने राज्यातल्या साध्या बसमध्ये बायकांना निम्मं भाडं २०२२ साली केलं, आपल्या एसटीत ते मार्च २०२३ मध्ये आलं. आईला हे सांगितलं तर तिने त्या दोघींकडे बघून ओळखीचं हसू दिलं. त्यांनीही सरकून तिच्या पिशवीला जागा करून दिली.

सोलंगच्या पुढे देवदार धुक्यात बुडाले होते. धुंदी या ठिकाणी बोगद्याचं तोंड आलं. अटल बोगदा ९.०२ किलोमीटर लांब आहे आणि समुद्रसपाटीपासून तीन हजार मीटरच्या वर आहे. आत दर दीडशे मीटरवर तातडीचा फोन दिसतो. आई ते फोन मोजत होती आणि मी काचेवरचं पाणी वाळताना बघत होते. बाहेर पडलो तर पाऊसच नव्हता. निळं आभाळ, उघडे तपकिरी डोंगर, खाली राखाडी रंगाची चंद्रा नदी. डोंगराच्या एका अंगाला पावसाळा आणि दुसऱ्या अंगाला कोरडं ऊन. पिढ्यानपिढ्या लोक रोहतांगची ३,९७८ मीटरची खिंड चढून हा फरक बघत आले, आम्ही तो बसल्या जागी पाहिला.

गोंधलाजवळच्या एका गावात आम्ही तीन दिवस राहिलो. दगडमातीचं घर, सपाट छप्पर, दारात विलोची झाडं आणि अंगणाला लागूनच वाटाण्याचं शेत. आमच्या पुरंदरमध्ये तेव्हा, म्हणजे जुलैच्या अखेरीस, वाटाणा फुलावर होता; इथे तोडणी चालू होती. आईला कोणी बोलवावं लागलं नाही. ती बांधावरून आत उतरली, एक शेंग अंगठ्याने उकलली आणि दाणे मोजले. नऊ. "आपल्याला सात लागले तरी आपण खूश असतो," ती म्हणाली. घरमालकीण आंटीजींना मराठी कळत नव्हतं, पण शेंग कशासाठी उकलली हे नेमकं कळलं. त्यांनी तिला कूल्ह दाखवायला वरपर्यंत नेलं. कूल्ह म्हणजे बर्फाचं वितळलेलं पाणी डोंगराच्या कडेकडेने शेतापर्यंत आणणारा पाट. पाऊस जवळजवळ नाहीच, सगळी शेती या पाटावर. कोणाला किती वेळ पाणी मिळायचं हे गाव ठरवतं, आणि पाळी चुकवलेली गाव विसरत नाही.

संध्याकाळी चुलीजवळ बसल्यावर आंटीजींनी हिवाळ्याचं सांगितलं. बोगदा होण्यापूर्वी बर्फ पडला की रोहतांग बंद व्हायचा आणि पाच-सहा महिने खोरं जगापासून तुटायचं. सरकारी हेलिकॉप्टर यायचं, पण हवामान चांगलं असेल तेव्हाच, आणि जागा थोड्या. त्यांच्या सासूबाईंच्या पोटात दुखायला लागलं ते जानेवारीत. अकरा दिवस घरच्यांनी त्यांना हेलिपॅडपर्यंत नेलं आणि परत आणलं. बाराव्या दिवशी न्यावं लागलं नाही. हे सांगताना आंटीजी चुलीत लाकूड सरकवत होत्या, त्यांचा आवाज हलला नाही. मग म्हणाल्या, "अब तो बेटा, रात को भी कुल्लू पहुँच जाते हैं."

त्या वाक्यानंतर या बोगद्याबद्दल वरवरचं बोलायचा मला धीर होत नाही. लाहौलचे टशी दावा हे अटलबिहारी वाजपेयींचे जुने स्नेही. १९९८ साली ते दिल्लीला जाऊन वाजपेयींना भेटले आणि बोगदा मागितला. २००० साली निर्णय झाला, २००२ मध्ये दक्षिणेकडच्या रस्त्याची पायाभरणी, २०१० मध्ये खुद्द बोगद्याची. आत सेरी नाल्याखाली ५८७ मीटरचा असा पट्टा लागला, की खडक भुसभुशीत आणि वरून पाणी. तेवढ्या अंतराने सीमा सडक संघटनेची वर्षं खाल्ली. ३ ऑक्टोबर २०२० ला बोगदा खुला झाला, मनाली-केलाँग अंतर ४६ किलोमीटरने घटलं. एका माणसाची मागणी, दोन पक्षांची सरकारं आणि वीस वर्षं. हे काम फार मोठं आहे, आणि ते सैन्यासाठी जेवढं होतं तेवढंच त्या सासूबाईंसाठीही असायला हवं होतं.

रविवारी आम्ही बोगद्याजवळच्या सिस्सू गावाला गेलो आणि मी अस्वस्थ झाले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गाड्या, झिपलाइन, भाड्याचे बूट-कोट, मॅगीचे स्टॉल, आणि नदीकाठी विलोच्या मुळांत अडकलेल्या चिप्सच्या पाकिटांचा थर. त्यात आपली मराठी कुटुंबंही होती. मोठ्याने हाका मारत, फोटो काढत, तासाभरात परत मनालीला. रात्री राहणारे थोडेच.

याचं कारण सरळ आहे. रोहतांगची खिंड नाजूक म्हणून राष्ट्रीय हरित लवादाने तिथे पर्यटकांच्या गाड्यांवर मर्यादा घातली, दिवसाला बाराशे, आणि परवाना ऑनलाइन काढावा लागतो. बोगद्यातून जायला परवाना लागत नाही. म्हणजे डोंगरमाथ्याला कुंपण घातलं आणि माथ्यापलीकडचं गाव उघडं राहिलं. बोगद्याची आखणी रोज तीन हजार मोटारी आणि दीड हजार ट्रक धरून झाली, पण सिस्सूच्या नदीकाठची आखणी कोणी केली? २०२३ च्या नाताळात इतकी कोंडी झाली, की एकाने गाडी थेट चंद्रा नदीच्या पात्रातून घातली. पोलिसांनी दंड केला, व्हिडिओ देशभर फिरला. ज्या जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ३१,५६४ होती, तिथल्या पोलिसांनी आणि पंचायतींनी सुट्टीतली ही गर्दी कशाच्या बळावर सांभाळायची?

हिमाचल सरकारने काहीच केलं नाही असं मात्र मी म्हणणार नाही. आम्ही राहिलो ते घर होमस्टे म्हणून नोंदवलेलं आहे. २००८ च्या योजनेत असं घर हॉटेल धरलं जात नव्हतं, वीज आणि पाणी घरगुती दराने मिळायचं. आंटीजींनी त्या पैशातून मुलीला चंदीगडला शिकवलं. आणि १९७२ च्या कूळ कायद्यातलं ११८ वं कलम आहे, ज्यामुळे बाहेरच्याला सरकारच्या परवानगीशिवाय इथली शेतजमीन घेता येत नाही. शिवाय लाहौल जनजातीय क्षेत्र, म्हणून निर्बंध आणखी कडक. पुण्याच्या आसपासच्या टेकड्यांचं काय झालं हे मी लहानपणापासून बघत आले आहे, त्यामुळे हे कलम मला फार मोलाचं वाटतं. आंटीजींच्या शेतात अजून वाटाणा आहे, रिसॉर्ट नाही, याचं मोठं श्रेय त्याला आहे.

गावंही हात बांधून बसलेली नाहीत. हिवाळ्यात हालडासारख्या सणांच्या दिवसांत सिस्सूकडची गावं पर्यटन बंद ठेवतात, कारण त्या काळात देवांना शांतता लागते. ऐन बर्फाच्या हंगामात धंदा सोडून देणं सोपं नाही. कूल्हचं पाणी वाटून घेणाऱ्या लोकांना किती माणसं आपल्या खोऱ्याला झेपतील हेही ठरवता येईल, असं मला मनापासून वाटतं. शिमल्याने त्यांना विचारायला हवं, आणि लवकर. कारण पलीकडे लडाखमधल्या जांस्करला जोडणाऱ्या शिंकुला बोगद्याचं काम २०२४ च्या जुलैमध्ये सुरू झालं आहे. तो झाला की याच रस्त्यावरून आणखी वाहनं जाणार.

निघायच्या दिवशी बस अर्धी प्रवाशांनी आणि अर्धी वाटाण्याने भरली होती. टपावर पोती, पायाखाली पोती. कंडक्टर पोती मोजून मालाचं तिकीट फाडत होता. आंटीजींनी आईच्या हातात एक पुरचुंडी ठेवली. आईला वाटलं खाऊ असेल. बोगद्यात शिरल्यावर तिने सोडून बघितली, तर वाळवलेलं बियाणं होतं. तिने गाठ परत घट्ट मारली आणि पुरचुंडी कंबरेला खोवली. धुंदीला बाहेर आलो तेव्हा पाऊस तसाच चालू होता.