कानाने लिहिलेलं फ्रेंच

इंग्रजी मातृभाषा असलेल्या मोठ्या माणसांना मी ऑनलाइन फ्रेंच शिकवते. टेबल स्त्रीलिंगी का, ‘त्यू’ कोणाला म्हणायचं आणि ‘व्हू’ कोणाला, यावर त्यांची डोकी शिणलेली पाहिली की आपल्याला मराठीमुळे हे सगळं आयतंच मिळालंय याचा मला गुपचूप आनंद होतो. पण एका प्रकरणापाशी भलेभले हात टेकतात: ‘पासे काँपोझे’ या भूतकाळातलं धातुसाधित, म्हणजे ‘उघडलं’, ‘घेतलं’सारखं क्रियापदाचं रूप.

नियम तसा छोटा. ‘आव्हुआर’ (इंग्रजीतलं ‘हॅव’) या सहायक क्रियापदाबरोबर आलेलं धातुसाधित एरवी जसंच्या तसं राहतं. प्रत्यक्ष कर्म त्याच्या आधी आलं तरच ते कर्माचं लिंग-वचन घेतं. ‘मी खिडकी उघडली’ म्हणजे ‘जे उव्हेर ला फनेत्र’. पण ‘मी उघडलेली खिडकी’ म्हणजे ‘ला फनेत्र क जे उव्हेर्त’; यातला ‘क’ म्हणजे इंग्रजीतला ‘दॅट’. शेवटचा ‘त’ खिडकीचा. कवी क्लेमाँ मारोने १५३८ साली इटालियनचा दाखला देत हा नियम चक्क पद्यात सांगितला होता. त्यावरची भांडणं अजून मिटलेली नाहीत. २०१८ मध्ये फ्रेंचभाषक बेल्जियममध्ये ‘आव्हुआर’पुरता तो काढूनच टाकावा अशी सूचना पुढे आली होती. खरी गोम अशी की बहुतेक क्रियापदांत हा बदल फक्त कागदावर दिसतो, ऐकू येत नाही. ‘उव्हेर-उव्हेर्त’, ‘प्री-प्रीझ’ (घेतलं), ‘मी-मीझ’ (ठेवलं) अशी मोजकीच बोलकी.

त्या दिवशी मी श्रुतलेखन घातलं होतं. वर्गात कोर्टातून निवृत्त झालेल्या एक स्टेनोग्राफर बाई आहेत. साक्षीदार जे बोलेल ते, जसं बोलेल तसं, यंत्रावर उतरवण्यात उभी नोकरी गेलेली. मी म्हटलं, ‘ले क्ले क जे प्रीझ, ज लेझे मीझ स्युर ला ताब्ल’. मी घेतलेल्या किल्ल्या मी टेबलावर ठेवल्या. बाईंनी दोन्ही ‘झ’ अचूक टिपले. बहुवचनाचा मुका ‘एस’ गायब, पण स्त्रीलिंग जागच्या जागी. पुढच्या वाक्यात बंद केलेलं दार आलं, ‘ला पोर्त क जे फेर्मे’. तिथे स्त्रीलिंगाचा ‘ई’ मुका, त्यामुळे तो त्यांच्या कागदावर नव्हताच. उलट पुस्तकावर पोसलेल्या मंडळींनी खिडकी दिसली की ‘ई’ चिकटवायचा असा सपाटा लावला होता. ‘जे उव्हेर ला फनेत्र’मध्येसुद्धा, जिथे ‘त’ उच्चारलाच नव्हता. नियम पाठ, कान बंद.

बाईंनी नियम तोवर शिकलेला नव्हता. त्यांनी विचारलं, “तुम्ही एकदा ‘उव्हेर’ म्हणालात आणि एकदा ‘उव्हेर्त’. मी दोन्ही तसंच ठेवलंय. बरोबर ना?” शिक्षकाला याहून चांगली सुरुवात कुठे मिळणार! योजलेला धडा बाजूला ठेवला आणि त्यांच्याच कागदावरून सगळ्यांकडून नियम काढून घेतला.

मग मी इंग्रजी वाक्य दिलं: ‘द कीज आय टुक’. आणि ज्या बाईंनी दहा मिनिटांपूर्वी ‘प्रीझ’ बिनचूक टिपलं होतं, त्यांनीच लिहिलं, ‘ले क्ले जे प्री’. ‘क’ गेला आणि त्याच्यामागोमाग ‘झ’ही गेला.

मला बरेच दिवस जो संशय होता तो इथे डोळ्यांसमोर उभा राहिला. इंग्रजीत ‘दॅट’ बिनदिक्कत गाळता येतं. फ्रेंचमध्ये ‘क’ गाळता येत नाही, आणि या वाक्यात आधी आलेलं कर्म म्हणजे तो ‘क’च. तोच डोक्यात नसेल तर धातुसाधिताने मागे वळून बघायचं कोणाकडे? ‘द वुमन आय स्पोक टू’ची तर आणखी गंमत. ‘टू’ शेवटी येतो. तिथे पोचेपर्यंत विद्यार्थ्याने त्या बाईला प्रत्यक्ष कर्म करून टाकलेलं असतं. फ्रेंचमध्ये ‘आ की’ (जिच्याशी) आधीच येतं, कर्म अप्रत्यक्ष ठरतं आणि ‘पार्ले’ला, म्हणजे ‘बोलणे’च्या धातुसाधिताला, काही चिकटवायचं नसतं.

कोणीतरी वैतागून म्हणालं, कर्माकडे बघून क्रियापद बदलणं हा निव्वळ छळ आहे. मी त्यांना मराठी ऐकवली: पत्र लिहिलं, चिठ्ठी लिहिली, निबंध लिहिला. आमच्याकडे कर्म आधी आलं काय नि नंतर आलं काय, कर्मणी प्रयोगात क्रियापद त्याच्याच तालावर नाचतं. “नेहमी?” बाईंनी लगेच उलटतपासणी घेतली. नेहमी नाही. ‘तिने मुलीला पाहिलं’ म्हटलं की ‘ला’ लागला, भावे प्रयोग झाला, संबंध संपला. हे फ्रेंचशी तंतोतंत जुळत नाही, कारण तिथे पाहिलेली मुलगी प्रत्यक्ष कर्मच राहते. पण जगात हा छळ एकट्या फ्रेंचांचा नाही, एवढं वर्गाला पटलं.

आता हे प्रकरण मी इंग्रजी वाक्यांपासूनच सुरू करते. गाळलेला ‘दॅट’ परत घाला, शेवटी लोंबणारा ‘टू’ पुढे आणा, मगच फ्रेंचला हात लावा. धातुसाधिताचे तक्ते त्यानंतर. क्रमिक पुस्तकं यांना दोन वेगवेगळ्या धड्यांत का टाकतात ते मला अजून कळलेलं नाही.

तास संपता संपता एकाने ‘स’ (स्वतःला किंवा एकमेकांना) लागणाऱ्या क्रियापदांचा विषय काढला. दोघी एकमेकींना दिसल्या तर धातुसाधित बदलतं, दोघी एकमेकींशी बोलल्या तर बदलत नाही, असं मी सांगितलं. स्टेनोग्राफर बाईंनी चॅटमध्ये ‘ऑब्जेक्शन’ एवढंच लिहिलं. सुनावणी पुढच्या तासाला ठेवली.